मुंबई दूरदर्शन केंद्र

मुंबई दूरदर्शन केंद्र : मुंबईतील वरळी येथील सरकारी दूरचित्रवाणी केंद्र. महाराष्ट्रातले हे पहिले आणि दिल्लीनंतर देशातले दुसरे केंद्र. स्थापना २ ऑक्टोबर १९७२. डीडी सह्याद्री ही मराठी वाहिनी आज याच केंद्रातून चालते.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रसारण सुरू झाले आणि १९६५ पासून ते रोजचे झाले. पु. ल. देशपांडे दिल्लीच्या त्या आरंभीच्या काळात तिथे काम करत होते. म्हणजे मराठी माणूस दूरचित्रवाणीपर्यंत लवकर पोचला, दूरचित्रवाणी मात्र मराठी मुलखात यायला तेरा वर्षे लागली. मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा ते आकाशवाणीचाच एक भाग होते. पी. व्ही. कृष्णमूर्ती हे पहिले केंद्र संचालक. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तेव्हा त्याचे पहिले महासंचालकही तेच झाले.

टॉवर आणि टापू. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा पोलादी मनोरा ही केंद्राची खूण. त्याच्या लहरी जिथवर पोचत तेवढाच या केंद्राचा मुलूख, आणि पहिल्या दहा वर्षांतल्या कार्यक्रमांचा स्वभाव या एका गोष्टीने ठरवला. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचेच प्रसारण पकडून पुढे पाठवणारे केंद्र, उभे राहिले आणि पुणे जोडले गेले. गड उंच असल्याने पुणे शहर आणि भोवतालची गावे आपसूक टप्प्यात आली. नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर मात्र बाहेरच राहिले. तिथल्या लोकांना मुंबईच्या कार्यक्रमांची ओळख झाली ती वर्तमानपत्रांतून आणि सुटीत मुंबईला जाऊन आलेल्या भाचरांकडून.

याची सगळ्यांत गमतीदार फळे ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीविषयक कार्यक्रमाच्या वाट्याला आली. कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी होता, पण दूरचित्रवाणी संच बहुतांशी शहरात होते. गिरगाव-दादरच्या चाळींत, जिथे माती फक्त तुळशीच्या कुंडीत, तिथे मुले गृहपाठ करता करता कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त ऐकत. दुसरी वाहिनी नव्हती आणि पुढचा कार्यक्रम चुकवायचा नव्हता, त्यामुळे कोणी संच बंद करत नसे. तरीही हा कार्यक्रम केंद्राच्या दीर्घायुषी कार्यक्रमांपैकी ठरला. गिरणगावाच्या कुशीतल्या या केंद्राने ‘कामगार विश्व’ही चालवले. त्याचा प्रेक्षक तेवढा खरोखरच हाकेच्या अंतरावर होता.

कार्यक्रम. प्रसारण संध्याकाळचे, काही तासांचे आणि कृष्णधवल. मुंबईची वस्ती पाहून तेवढ्याच वेळात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा बसवाव्या लागत. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी गप्पांचा कार्यक्रम १९७२ मध्ये येथूनच सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट हा आठवड्याचा कळस. त्या वेळी संच असलेल्या घरात शेजारीपाजारी येऊन बसत. पुढे सतरंजीवर मुले, मागे खुर्च्यांवर मोठी माणसे आणि दाराशी उभे राहिलेले उरलेले. चित्र हलले की कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि खालून ‘आलं, आलं… गेलं!’ असा पुकारा व्हायचा.

मराठी कार्यक्रमांची घडण मात्र केंद्रातल्या निर्मात्यांनी केली, आणि ही माणसे बहुतेक नाटक, साहित्य आणि आकाशवाणी या वाटांनी आलेली होती. विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ने रंगमंचावरच्या नटांना छोट्या प्रहसनांतून घराघरांत नेले. सुहासिनी मुळगावकर यांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत बोलते होत. अरुण काकतकर यांचे ‘शब्दांच्या पलीकडले’ भावगीतांच्या रसिकांचे. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ची गोष्ट वेगळी. प्रेक्षकांनी या कार्यक्रमाच्या नावाने ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली आणि गावात, वस्तीत प्रत्यक्ष कामे केली. दूरचित्रवाणीने माणसे घरात कोंडली ही तक्रार पुढे नेहमीची झाली. या एका कार्यक्रमाने ती उलटी करून दाखवली होती, याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची चिमणरावांची मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी मालिका हा प्रकार येथून रुजला असे म्हणायला हरकत नाही.

बातम्या हा केंद्राचा चेहरा. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, भक्ती बर्वे ही सुरुवातीच्या काळातली नावे. प्रदीप भिडे १९७४ मध्ये आले आणि त्यांचा आवाज पुढची चार दशके मराठी बातम्यांची ओळख होऊन राहिला (निधन २०२२). स्मिता पाटील यांनीही चित्रपटांत जाण्याआधी येथे बातम्या वाचल्या. त्या जीन्स घालून येत आणि वेळ झाली की तिच्यावरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसत, असे सांगतात. कॅमेऱ्याला टेबलाच्या वरचेच दिसे. श्याम बेनेगल यांनी त्यांना प्रथम हेरले ते या बातम्यांतच.

सुरुवातीला बरेचसे प्रसारण थेट असे, त्यामुळे चूक झाली तर ती सर्वांसमोर होई. काही बिघडले की ‘व्यत्यय’ ही पाटी झळके. एका पिढीला हा अवघड संस्कृत शब्द शाळेआधी दूरदर्शनने शिकवला. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या.

दिल्लीची सावली. १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत प्रसारण आणि दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ एकदमच सुरू झाले. लोकांच्या लक्षात रंग राहिले. केंद्राच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोठी होती, कारण रात्रीचा भरवशाचा वेळ दिल्लीकडे गेला आणि मराठीला संध्याकाळचा तुकडा उरला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, पण ती उपग्रहावरून दिल्लीचे प्रसारण घेत. त्यामुळे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या गावी पहिल्यांदा दूरदर्शन दिसले, तेव्हा पडद्यावर हिंदी आली, मराठी नव्हे. मुंबईचा शेतीचा कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत उपग्रह पोचला, कार्यक्रम मागेच राहिला.

१९८५ मध्ये मुंबईत दुसरी वाहिनी सुरू झाली. ती शहरापुरती होती आणि पुढे दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीत मिसळली.

सह्याद्री. १९९४ मध्ये मराठीची उपग्रह वाहिनी सुरू झाली, डीडी-१० या क्रमांकी नावाने. सह्याद्री हे नाव तिला नंतर मिळाले. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम राज्यभर, नव्हे राज्याबाहेरच्या मराठी घरांतही, दिसायची सोय आता कुठे झाली. केंद्र सुरू होऊन बावीस वर्षे झाल्यावर. आणि पाचच वर्षांत, १९९९ मध्ये, अल्फा मराठीने (आजची झी मराठी) खासगी मराठी वाहिन्यांचे दार उघडले. नट, लेखक, तंत्रज्ञ तिकडे गेले आणि प्रेक्षकही. नवरत्न आणि हिरकणी पुरस्कार, संध्याकाळच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम यांवर सह्याद्रीने आपली जागा राखली. केबलचा खर्च न परवडणाऱ्या घरांत ती डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवर दिसते.

जुन्या कार्यक्रमांचे फार थोडे शिल्लक आहे. फिती महाग आणि मोजक्या, त्यामुळे एक कार्यक्रम झाला की त्याच फितीवर दुसरा चढवत. कित्येक मुलाखती, नाट्यप्रयोग, गाण्याच्या मैफली अशाच पुसल्या गेल्या. काही फिती वाचल्या, त्या बऱ्याचदा कोणीतरी नियम मोडून कपाटात दडवल्या म्हणून, असे केंद्रातले जुने लोक सांगत.

जमिनीवरून होणारे अ‍ॅनालॉग प्रसारण २०२१-२२ च्या सुमारास देशभर जवळपास बंद झाले. गच्च्यांवरच्या अँटेना त्याच्या बऱ्याच आधी भंगारात गेल्या होत्या. सिंहगडावरचा मनोरा मात्र अजून पुण्यातून दिसतो, आणि पिठलं-भाकरीसाठी गड चढणारे आणखी किती चढायचे याचा अंदाज त्याच्याकडे बघूनच बांधतात.