बालहक्क-शिक्षण (बालवाडी व अंगणवाडी)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बालवाडी, अंगणवाडी वा पाळणाघरात त्यांच्या हक्कांची ओळख करून देण्याची पद्धत. या वयात हक्क सांगून कळत नाहीत. पाणी, शू, खाऊ, खेळ, भांडण आणि ‘नको’ म्हणण्याची मुभा यांतून ते अंगवळणी पडतात. त्यामुळे या शिक्षणाचा बराचसा भाग दिनक्रमाच्या मांडणीत असतो आणि तो आधी मोठ्यांनाच शिकावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली. भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी तिच्यात सामील झाला. कलम १२ मत मांडण्याचे, कलम ३१ खेळ व विश्रांतीचे. हे हक्क मोठ्यांप्रमाणे मुलांनाही माहीत करून देण्याची जबाबदारी कलम ४२ सरकारवर टाकते. संहितेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००५ मध्ये स्पष्ट केले की आठ वर्षांखालील मूलही हक्कधारक आहे आणि बोलू लागण्याआधीपासून ते आपली आवडनिवड दाखवत असते. भारतात मात्र शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयोगटापुरता आहे. त्याखालच्या मुलांचे संगोपन व शिक्षण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये, म्हणजे न्यायालयात मागता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, ठेवले.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे संहितेहून जुनी आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच वस्तीच्या अंगणात जावे, हा त्यांचा निर्णय हक्काचा शब्दही न उच्चारता हक्क मानणारा होता.

मांडणीची सुरुवात पाण्यापासून करावी. माठ किंवा पिंप मुलाच्या कमरेच्या उंचीला, पेले हाताशी, आणि पाणी प्यायला व शूला जायला परवानगीची अट नाही. नाक पुसण्याआधी, चड्डी बदलण्याआधी बालवाडीच्या ताईने ‘पुसू का?’ असे विचारून क्षणभर थांबावे. हा क्षणच शिकवतो. विचारता विचारता हात पुढे गेला, तर विचारणे फुकट. वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला निदान तहान, भूक, दुखणे आणि ‘नको’ हे त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि ताईला ते कळले पाहिजे.

निवड खरी असावी. तीन वर्षांच्या मुलापुढे दोनच पर्याय ठेवावेत, पाच वर्षांच्यापुढे तीन-चार चालतात. जेवायचे की नाही हे विचारून ‘नाही’ म्हटल्यावर दटावायचे असेल, तर विचारूच नये. गाणे किंवा गोष्ट ठरवताना प्रत्येकाला एक चिंचोका देऊन चित्र चिकटवलेल्या दोन भांड्यांपैकी एकात टाकायला सांगतात. उघड्या वाट्या ठेवल्या की लहान मुले मैत्रिणीच्या मागोमाग टाकतात, म्हणून अरुंद तोंडाची मडकी बरी. मागे पडलेले गाणे दुसऱ्या दिवशी घ्यावे. नाहीतर बहुमत म्हणजे दांडगाई एवढेच मुले शिकतात. गोलात बसून बोलणे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकत नाही. हातातली वस्तू फिरवून पाळी दिली तरी गप्प राहण्याची मुभा हवी.

सर्वांत जास्त फसतो तो भिंतीवरच्या हक्कांच्या तक्त्यावरून घोकून घेतलेला पाठ. ‘मला शिक्षणाचा हक्क आहे’ हे मुले कार्यक्रमात खणखणीत म्हणतात आणि त्याच दिवशी डबा संपला नाही म्हणून त्यांचा खेळ बंद होतो. हक्काला बक्षिसाची किंवा कर्तव्याची अट जोडली की तो हक्क उरत नाही. रुसलेल्या मुलालाही खाऊ मिळतो, हे सगळ्या वर्गाने पाहिलेले बरे.

शरीराच्या सुरक्षिततेबद्दल ‘चांगला-वाईट स्पर्श’ ही विभागणी अपुरी पडते. गैरवर्तन करणारा बहुधा ओळखीचा असतो आणि त्याचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. उलट इंजेक्शन वाईट वाटते. म्हणून भावनेऐवजी नियम सांगावा: चड्डीच्या आतल्या भागाला स्वच्छतेसाठी किंवा औषधोपचारासाठीच हात लागतो, आणि त्याचे कुणी गुपित ठेवायला सांगितले तर ते मोडायचे. अवयवांची नावे नीट शिकवावीत, नाहीतर मुलाने सांगितलेले कुणाला कळत नाही. स्वतःला वाचवण्याचा भार मात्र मुलावर टाकू नये. मुलाने काही सांगितले तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या कलम १९ नुसार, संशय असला तरी, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आधी कार्यालयात विचारून पाहू, ही पळवाट कायद्यात नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक असतो.

पालकसभा आधीच घ्यावी. मूल घरी आजोबांच्या पापीला ‘नको’ म्हणू लागते, भावाला ‘माझी पाळी’ म्हणून अडवते, आणि ‘शाळेत उलट बोलायला शिकवतात’ ही तक्रार येते. तेव्हा तक्त्याचा उपयोग नसतो. आई-वडिलांना, शक्यतो आजी-आजोबांनाही, एक सकाळ वर्गात बसवावे.