ग्रुपमधून काढलं तर एवढं काय झालं?

"एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस", हे चौदा-पंधराच्या पोरांना कोणी ना कोणी ऐकवतंच, मीही ऐकवलंय, पण सायबरबॉलबद्दल वाचल्यापासून जीभ जरा आवरते.

सायबरबॉल म्हणजे कॉम्प्युटरवरचा अगदी साधा गेम. तिघं जण बॉल टाकतायत, त्यातले एक तुम्ही. आधी बॉल तुमच्याकडेही येतो, मग हळूच बाकीचे दोघं आपापसातच खेळायला लागतात आणि तुम्ही बसा बघत. गंमत म्हणजे ते दोघं माणसंही नसतात, नुसता प्रोग्राम! तरी मनाला लागतंच, मोठ्यांच्याही. 2003 मध्ये एमआरआय मशीनमध्ये झोपवून लोकांना हा खेळ दिला तेव्हा शारीरिक दुखण्यात मेंदूचा जो भाग कामाला लागतो तोच इथेही लागलेला दिसला (याच्या अर्थावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत, तो भाग इतरही बरीच कामं करतो). मग 2010 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मुली आणि मोठ्या बायका दोघींना तोच खेळ दिला तर मुलींचा मूड जास्त पडला.

यात नाटक काही नाही. वयात येताना भावना आणि बक्षिसाची ओढ सांभाळणारे भाग जोरात असतात, आणि थांब, विचार कर म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्यातच मेंदूत छाटणी चालू असते, जी जोडणी वापरात नाही ती गळते, जी रोज वापरली जाते ती पक्की होते. म्हणजे घरातली रोजची भांडणं, शाळेतली टिंगल, किंवा उलट एखादा जिवाभावाचा मित्र, हे सगळं ऐन बांधकाम चालू असताना घडतंय. अमेरिकेतल्या 2005 च्या एका मोठ्या सर्व्हेत आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे 14 व्या वर्षापर्यंत सुरू झालेले आढळले, ते उगाच नाही.

मित्रांच्या नावाने बोटं मोडायची घाई मात्र नको. बारावीतल्या पोरांनी मित्रांबरोबर रोज किती वेळ घालवला ते डायरीत लिहिलं, दोन वर्षांनी त्यांनाच मशीनमध्ये सायबरबॉल खेळायला दिला. ज्यांनी मित्रांबरोबर जास्त वेळ काढला होता, त्यांच्या मेंदूत तोच दुखणारा भाग कमी पेटला.