सुगंधित तंबाखू : किशोरवयीनांमधील वापर (सोलापूर)

मूळ तंबाखूची कडू-तिखट चव आणि उग्र वास झाकण्यासाठी मेन्थॉल, वेलची, लवंग, गुलाब, केवडा, केशर, गोडी आणणारे पदार्थ किंवा फळांचे कृत्रिम स्वाद मिसळलेल्या तंबाखूला सुगंधित किंवा स्वादयुक्त तंबाखू म्हणतात. गुटखा, जर्दा, किमाम, मावा, हुक्क्यात भरायचा गुळमट मसाला आणि मेन्थॉलची सिगारेट हे सारे याच कुळातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ हे किशोरवय. तंबाखूचे व्यसन बहुतेकांना याच वर्षांत लागते आणि सुरुवात बऱ्याचदा स्वादाच्या पदार्थाने होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे : इथे तंबाखू हे हजारो घरांचे पोटही आहे.

नावांचा घोळ

सोलापुरात शाळकरी मुलाला ‘तंबाखू खातोस का?’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणतो आणि त्यात खोटेपणा असतोच असे नाही. त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे आजोबा तळहातावर चुना घेऊन मळतात आणि ओठाखाली बार धरतात ती. तो स्वतः खातो तो ‘मावा’, ‘पुडी’ किंवा नुसतीच ‘सुपारी’. पुडीवर वेलची-केशराचे चित्र असते, तोंडाला वास मुखवासाचा येतो. मग ती तंबाखू कशी? या वयोगटाची पाहणी करणाऱ्याने पदार्थांची बाजारातली नावे एकेक करून विचारली नाहीत, तर उत्तरे हमखास चुकतात. शिक्षकांची आणि पालकांची फसगतही इथेच होते. मुलगा सिगारेट ओढत नाही एवढ्यावर घर समाधानी असते.

माव्याचे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कातरलेली सुपारी, सुगंधित तंबाखू आणि ओला चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन टपरीवाला तो कागद दोन्ही हातांनी जोराने घासतो. घासता घासता सुपारी ऊबदार होते, चुना तिच्यात मुरतो, तंबाखूचा रंग चढतो. मग प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात लिंबाएवढा ऐवज घेऊन वर पीळ आणि रबर. मागणी जास्त असेल तिथे हे काम मोटरवरचे यंत्र करते. कारखान्यात भरलेल्या तंबाखूच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा सचित्र इशाऱ्याला द्यावी लागते. या रबर लावलेल्या पुडीवर मात्र कसलाच इशारा नसतो. बनवल्याची तारीख नाही, घटकांची यादी नाही. चौघांत मिळून एक पुडी घेता येते आणि किशोरवयात वाटून खाण्याला फार मोल असते.

स्वाद काय करतो

कोरी तंबाखू पहिल्यांदा तोंडात धरणाऱ्या मुलाला ती झोंबते, मळमळ होते, चक्कर येते, कधी उलटी होते. शरीराने दिलेली ही ताकीद असते आणि पुष्कळ मुले तिथेच थांबतात. स्वाद नेमकी ही ताकीद पुसून टाकतो. मेन्थॉल तोंडातल्या व घशातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो, त्यामुळे जळजळ कमी जाणवते. लवंगेतले युजेनॉल तर दात दुखताना लावतात तेच. ते जागा किंचित बधिर करते. साखर आणि गोडवा आणणारी द्रव्ये कडवटपणा मारतात. पहिला अनुभव वाईट न गेल्याने दुसरा येतो, दुसऱ्यानंतर तिसरा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या गावात तोंडाला गार वाटणारी पुडी विकायला वेगळी जाहिरात लागत नाही, असेही म्हणता येईल.

चुन्याचे काम वेगळे आहे. तो अल्कधर्मी असल्यामुळे निकोटीन मुक्त स्वरूपात येते आणि गालाच्या नाजूक अस्तरातून वेगाने रक्तात उतरते. म्हणजे स्वाद दार उघडतो आणि चुना माल आत पोचवतो. पुढे निकोटीन मेंदूतील डोपामिनची, म्हणजे सुखाची जाणीव देणाऱ्या रसायनाची, यंत्रणा ताब्यात घेते. सारासार विचार आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या काळात लागलेली तलफ प्रौढ वयात लागलेल्या तलफेपेक्षा चिवट ठरते. सकाळी उठल्या उठल्या पुडी आठवणे, तासाला लक्ष न लागणे, चिडचिड, मधल्या सुट्टीची वाट पाहणे ही लक्षणे घरचे लोक ‘वयच तसले’ म्हणून सोडून देतात.

सुपारीला निरुपद्रवी मानण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. विड्यात ती, पूजेत ती, लग्न ठरले तरी ‘सुपारी फुटली’. पण तंबाखू नसलेली सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने काढला आहे. तिने अशा पदार्थांच्या पहिल्या गटात सुपारी घातली आहे आणि चघळायची तंबाखूही त्याच गटात आहे. लहानपणी गोड सुगंधी सुपारीची सवय झालेल्या मुलाला माव्याकडे जायला फार लांब जावे लागत नाही.

सोलापूरची पार्श्वभूमी

चादर आणि टॉवेल यांच्या बरोबरीने विडी हा सोलापूरचा जुना उद्योग. विड्या वळणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया असून त्यांत तेलुगू भाषक पद्मशाली समाजातील बायकांचे प्रमाण मोठे आहे. यंत्रमागावर नवरा आणि घरी विडी वळणारी बायको, असे संसार पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, यावरून या उद्योगाचा पसारा ध्यानात यावा. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पाने आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी. मूल अभ्यासाला बसते तेही याच खोलीत. तंबाखूची धूळ त्याच्या नाकाला परकी राहत नाही.

मात्र येथे वळली जाणारी विडी साधी असते, स्वादाची नव्हे. (चॉकलेट, स्ट्रॉबेरी अशा स्वादांच्या विड्या भारतातून अमेरिकेत जात आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शाळकरी मुलांत त्यांची चलती होती. पुढे २००९ च्या कायद्याने अमेरिकेने मेन्थॉल वगळता स्वादाच्या सिगारेटींवर बंदी घातली.) विडी कामगाराचे मूल तंबाखू खातेच, असा सोपा निष्कर्ष काढू नये. उलट ‘या धुळीतून पोरांनी बाहेर पडावं’ म्हणून रात्र रात्र वळणाऱ्या आयांची संख्या मोठी आहे. एवढे खरे, की ज्या वस्तूवर घर चालते तिला घरात विष म्हणणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट भूगोलाची. जिल्ह्याला कर्नाटकाची सीमा लागून आहे. विजयपूर आणि कलबुर्गी दोन्हीकडे रस्ते जातात. महाराष्ट्राने गुटख्याबरोबर पान मसाल्यालाही बंदी केली, पण याबाबत दोन्ही राज्यांचे नियम सारखे नाहीत, त्यामुळे माल इकडे सरकतो. गाडीतून गुटखा पकडल्याची बातमी सोलापूरच्या वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नवी नाही.

जोखीम वाढवणारे घटक

घरातला वापर हा सर्वांत ठळक घटक. वडील किंवा मोठा भाऊ खात असेल तर मुलगा सुरुवात करण्याची शक्यता वाढते. बहुतेक घरांत टपरीवरून पुडी आणायला त्यालाच पाठवलेले असते. दुकानदाराची ओळख तिथूनच. ‘पप्पांनी सांगितलंय’ एवढे म्हटले की वय कोणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत वाट वेगळी असते. आजी किंवा आई सकाळी मिश्री लावते, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दातांवर घासते. दात दुखला की तीच चिमूटभर मुलीला मिळते आणि हळूहळू तिच्याशिवाय सकाळ होत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठला परवाना लागतो?

मित्रांचा गट हा दुसरा घटक. पहिली पुडी विकत घेतलेली क्वचितच असते. ती कोणीतरी पुढे केलेली असते. नको म्हणणाऱ्याला ‘पोरगी आहेस का’ हा टोमणा ठरलेला. शाळा सुटलेल्या मुलांची स्थिती अधिक बिकट. यंत्रमाग, गॅरेज, हॉटेल, हमाली अशा कामांत मोठ्यांच्या बरोबरीने राबणारा मुलगा त्यांच्यासारखाच झोप आणि भूक मारायला पुडी लावतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात पालावर राहणारी मुलेही शाळेबाहेरच असतात. म्हणून शाळांतून होणाऱ्या सर्वेक्षणांचे आकडे वाचताना ही मुले त्यांत नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते.

अशा सर्वेक्षणांतले भारतातील प्रमुख म्हणजे जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षण. त्याच्या २०१९ च्या फेरीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. मुलांत हे प्रमाण ९.६ टक्के आणि मुलींत ७.४ टक्के. धूरविरहित तंबाखू वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच चाखली होती. प्रौढांच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले. राज्याचा कल ओढण्यापेक्षा चघळण्याकडे आहे आणि मुले मोठ्यांचेच गिरवतात.

बाकी घटक थोडक्यात : खिशातल्या सुट्या पैशांत बसणारी किंमत, शाळेच्या वाटेवरची टपरी, परीक्षेचा ताण, नैराश्य, आणि तंबाखूचे नाव न घेता त्याच छापाच्या (ब्रँडच्या) वेलचीची जाहिरात करणारे पडद्यावरचे नट.

तोंडातील बदल

पहिली तक्रार ताटावर कळते. सोलापूरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी आवडीने खाणारा मुलगा एकाएकी ‘तिखट लागतंय’ म्हणून वरण-भात मागू लागतो. मग भाकरीचा तुकडा लहान करून खातो, कारण तोंड पूर्वीसारखे उघडत नाही. सुपारीतील ॲरेकोलिनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतूंचे जाळे साचते, अस्तर पांढुरके आणि ताठ होते. याला मुखातील तंतुमयता म्हणतात. घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी : स्वतःची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्य गाठावा. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते. सर्वांनाच पुढे कर्करोग होतो असे नाही, पण धोका कित्येक पटींनी वाढतो.

हुक्क्याबद्दल एक गैरसमज नोंदवण्याजोगा आहे. तंबाखू नसलेला ‘हर्बल’ हुक्का निरुपद्रवी मानला जातो, पण तोही कोळशावरच चालतो आणि कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येतोच.

कायदा आणि त्यातली फट

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पान मसाल्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी व मावा यांनाही तिच्या कक्षेत आणले. ही बंदी वर्षभराची असते, म्हणून दरवर्षी नव्याने आदेश निघतो. ‘कोटपा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकणे गुन्हा आहे. दंड मात्र फक्त २०० रुपयांपर्यंत. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७७ याहून कितीतरी कडक आहे : मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. राज्यात हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये, देशभरात ई-सिगारेटवर २०१९ मध्ये आणि राज्यात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली.

कागदावर कमतरता फारशी नाही. अडचण अंमलाची आहे. बंदीनंतर पुड्यांच्या माळा टपरीच्या दर्शनी भागातून उतरल्या आणि फळीखाली गेल्या. भाव चढला, ओळखीच्या गिऱ्हाइकालाच माल मिळू लागला आणि ‘ओळख असणे’ हीच मुलांच्यात प्रतिष्ठेची बाब झाली. शाळेच्या भिंतीपासून अंतर मोजून पिवळी रेघ आखली जाते. रेघेच्या पलीकडे चार पावलांवर टपरी असते.

सवय सोडवणे

मुलांना निकोटीनचा च्युइंगगम किंवा औषधे परस्पर देऊ नयेत. या वयात मुख्य भर समुपदेशनावर असतो. तलफेचा जोर पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, हे मुलाला आधी सांगितले तर तो टिकतो. मारझोड केली की वापर थांबत नाही, लपतो. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन (१८००-११-२३५६) विनाशुल्क आहे. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्येही सल्ला मिळतो.

आखडलेल्या तोंडासाठी औषधांसोबत व्यायाम देतात. आइस्क्रीमच्या काडीसारख्या चपट्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून अनेकदा, आणि जमेल तशी काही दिवसांनी एक पट्टी वाढवायची. साचलेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. त्यामुळे कोणाच्या सहा महिन्यांत चार पट्ट्या वाढतात, तर कोणाची दुसऱ्या पट्टीवरच अडते.