पहिल्या भेटीला येण्यापूर्वी

आमच्याकडे आहार-सल्ल्यासाठी नाव नोंदवले की अनेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती पावडर घेऊ?" किंवा "कोणती गोळी सुरू करू?" पहिल्या भेटीत आम्ही याचे उत्तर सहसा देत नाही. तुम्ही रोज काय खाता, किती झोपता, किती चालता, हे आधी समजून घेतो. पाया कच्चा असेल तर वरून घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि तुमचे पैसे असे खर्च व्हावेत हे आम्हाला पटत नाही. हे पत्रक सावकाश वाचून या, म्हणजे भेटीचा वेळ तुमच्या प्रश्नांसाठी मोकळा राहील.

ताटात काय असावे

एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने शरीराला सुमारे 4 कॅलरी देतात, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ सुमारे 9. म्हणून अंदाजाने ओतलेल्या तेलाने जेवणाचे गणित पटकन बदलते. एका मोठ्या चमच्यात 120 च्या आसपास कॅलरी असतात. तेल बंद करा असे आम्ही सांगत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. फक्त चमच्याने मोजून घाला.

निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाला 48 ग्रॅम. ती एकाच जेवणात भरून काढण्यापेक्षा दिवसभरात विभागून घ्यावीत. मांसाहार न करणाऱ्यांनी धान्य आणि कडधान्य दोन्ही खावे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असते, ते कडधान्यातून मिळते. कडधान्यात मिथिओनीन कमी, ते धान्य भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात आली तरी चालते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या आणि 25 ग्रॅम तंतू (फायबर) खावेत. आमच्याकडे येणाऱ्यांच्या नोंदींत सर्वांत मोठी तूट बहुतेक वेळा इथेच दिसते. फळाचा रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात उरते, म्हणून फळ चावून खा. तंतू मात्र हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा, नाहीतर पोट फुगते.

धान्याचा कोंडा का सांभाळायचा, याची एक जुनी हकीकत आहे. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांच्या लक्षात आले, की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा, पाय लुळे पाडणारा आजार होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यातले ब1 जीवनसत्त्व पॉलिशबरोबर निघून जात होते. या कामासाठी त्यांना 1929 चे नोबेल विभागून मिळाले. पोट भरले तरी पोषण झाले असे नाही, हे तेव्हा दिसले.

खाल्लेले अंगी लागते का

वनस्पतींमधले लोह शरीर सहजी घेत नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू, टोमॅटो असे क जीवनसत्त्व असलेले काही असेल तर ते अधिक शोषले जाते. उलट जेवणासोबतचा चहा किंवा कॉफी त्याला अडवते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. रक्ततपासणी न करता लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. लोहाप्रमाणेच अ आणि ड जीवनसत्त्वेही शरीरात साठतात, त्यांचा अतिरेक घातक ठरतो. एका बाबतीत मात्र आम्ही स्वतःहून गोळीचा विषय काढतो: दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यांना ब12 बाहेरून घ्यावेच लागते.

पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूवरचे मोठे शब्द सोडा, पाकीट उलटा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीन नावांत साखर असेल, तर ते गोड खाणेच समजा. साखर डेक्स्ट्रोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप अशा नावांनीही येते. तीच साखर तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि आपल्या नजरेतून सुटते.

मिठासाठी सोडियमचा आकडा शोधा आणि त्याला अडीचने गुणा. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. दिवसभराची शिफारस 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात स्वयंपाकातले मीठही आले. आकडे 100 ग्रॅमचे आहेत की 'प्रति सर्व्हिंग', तेही पाहा. सर्व्हिंग म्हणजे कंपनीने ठरवलेला एका वेळचा वाटा, तो कधीकधी 20 ग्रॅमचाच असतो आणि आपण पाकीट संपवूनच उठतो.

ताटाबाहेरचे

रात्री किमान सात तास झोप घ्या. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, त्याला मनाचा दुबळेपणा समजू नका. आठवड्याला निदान 150 मिनिटे दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या चालण्यानेही रक्तातली साखर कमी चढते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी सहसा पुरेसे आहे. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने 20 सेकंद हात धुवा. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. तंबाखूचे सुरक्षित प्रमाण कोणतेच नाही.

गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेहाची औषधे सुरू असतील तर वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि आम्हालाही कळवा.

येताना काय आणावे

तीन दिवसांची खाण्याची वही: दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. खाल्ल्याबरोबर लिहा, रात्री आठवून लिहिले की बरेच सुटते. उभ्या उभ्या तोंडात टाकलेले, पेयातली साखर, सगळे यावे. वजनकाटा नको, वाटी आणि चमचा पुरे. आम्हाला दाखवायचे म्हणून त्या तीन दिवसांत खाणे बदलू नका. वही पाहून आम्ही कोणालाही रागावत नाही. सोबत चालू औषधांची नावे आणि गेल्या वर्षभरातले रक्ताचे अहवाल असू द्या.