दत्तक गाव कुणाचं? एनएसएसचं की उन्नत भारत अभियानाचं?

महाविद्यालयाच्या वेबसाइटवर ‘दत्तक गाव’ असं लिहिलेलं असतं आणि खाली फावडं-घमेलं घेतलेल्या मुलामुलींचे फोटो असतात. ते गाव राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं आहे की महाविद्यालयातलं ज्ञान गावाच्या अडचणींना लावणाऱ्या उन्नत भारत अभियानाचं, हे पुष्कळदा तिथल्या सरपंचांनाही सांगता येत नाही. कधी दोन्हींचं गाव एकच असतं, दोन्हींची जबाबदारी एकाच सरांच्या गळ्यात असते, आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात विस्तारकार्य म्हणून दोन्हींचे अहवाल एकाच फाइलला लागतात. गोंधळ होणारच. पण त्याची किंमत गाव मोजतं: ज्या एनएसएसकडून श्रमदान मिळायचं तिच्याकडे गाव पाण्याच्या योजनेचा तोडगा मागतं, आणि ज्या अभियानाकडे तोडगा मागायला हवा त्याला सत्काराचा नारळ देऊन निरोप देतं.

एनएसएस जुनी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती ३७ विद्यापीठांत सुरू केली. आज ती युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पूर्ण करायचं, ही तिची चौकट. यात मोजले जातात ते विद्यार्थ्याचे तास. योजनेचा घोषित हेतूच समाजसेवेतून विद्यार्थ्याचं व्यक्तिमत्त्व घडवणं हा आहे.

हा हेतू छोटा नाही. झेडपीच्या शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणं, पन्नास जणांचा स्वयंपाक पाळीने करणं, पहाटे प्रभातफेरी, दुपारी बौद्धिक, रात्री गावासमोर माईक हातात धरून बोलणं, यातून शहरातला बुजरा मुलगा आठवड्यात बदलतो. मला हे शिबिर महाविद्यालयीन शिक्षणातला सगळ्यात मोलाचा आठवडा वाटतो. फक्त त्या आठवड्यात गावाचा जुना प्रश्न सुटेल असं कुणी गावाला सांगू नये.

वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, ओढ्यात आडव्या रचायच्या. खर्च जवळजवळ नाही, शिबिराला अगदी साजेसं काम. पण हा बंधारा पाऊस थांबल्यावर, ओढा वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालावा लागतो. शिबिरं मात्र सत्र परीक्षा उरकल्यावर, बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. तोवर कितीतरी ओढ्यांची धार तुटलेली असते. मुलं जीव ओतून बंधारा घालतात, पण अडवायला पाणीच नसतं. तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाने ठरवली, ओढ्याला कुणी विचारलं नाही. शिबिराची तारीख हलवता येत नसेल तर त्या वर्षी काम तरी दुसरं निवडावं.

उन्नत भारत अभियानाची दिशा उलटी आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ते २०१४ मध्ये सुरू केलं, २०१८ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. राष्ट्रीय समन्वय आयआयटी दिल्लीकडे. सहभागी संस्थेने किमान पाच गावं निवडायची, घरोघरी आणि गावपातळीवर सर्वेक्षण करायचं, आणि संस्थेतलं ज्ञान गावाच्या एखाद्या अडचणीला लावायचं. इथे विद्यार्थ्याने किती तास घालवले हे गौण, गावातलं काय बदललं हे मुख्य.

आपल्याकडे या विचाराची मुळं जुनी आहेत. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे, आणि कर्जत-शहापूरसारख्या तालुक्यांतल्या नळपाणी योजनांचा अभ्यास तिथल्या विद्यार्थ्यांनी केला आहे. पुढे राज्य सरकारनेही उन्नत महाराष्ट्र अभियान आणलं. नाव जवळचं असलं तरी ते राज्याचं. त्यातून अभियांत्रिकी महाविद्यालयं जलयुक्त शिवारच्या कामांच्या मूल्यमापनात उतरली.

असा अभ्यास म्हणजे प्रत्यक्षात काय? समजा गाव १,५०० वस्तीचं आहे. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले तर ८२,५०० लिटर लागतात. आता विहिरीवर जायचं, २०० लिटरचा ड्रम मोटरच्या पाइपाखाली ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. ८० सेकंदांत भरला तर तासाला ९,००० लिटर. म्हणजे मोटर सव्वानऊ तास चालायला हवी. वीज आठच तास असेल तर टाकी कितीही मोठी बांधा, रोज दहा हजार लिटर कमीच पडणार. मे महिन्यात तेवढा उपसा विहीर देते का, हे त्यानंतर पाहायचं. शेवटच्या वस्तीचा नळ कोरडा का, याचं उत्तर अनेकदा अशा साध्या मोजमापात सापडतं. यासाठी आयआयटी लागत नाही. कॉमर्सची मुलं पाणीपट्टीची वसुली आणि मोटरचं वीजबिल समोरासमोर मांडू शकतात, आणि योजना बंद पडण्याचं कारण तिथेही असतं.

या अभियानाचं दुखणं वेगळं. फॉर्म भरून नेले जातात आणि परत काही येत नाही. घरात किती माणसं, शौचालय आहे का, चूल की गॅस, हे तिसऱ्यांदा सांगताना बाई वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. सर्वेक्षणाचा निष्कर्ष मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागत नसेल तर ते सर्वेक्षण गावाचं नाहीच.

गावात एप्रन घालून बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवणारे कृषिदूत आणि कृषिकन्या हे एनएसएस आणि उन्नत भारत या दोन्हींपेक्षा निराळे. ते कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आणि तो त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवी आराखड्यात एनएसएस सहअभ्यासक्रम गटात गेली, तर क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प यांना वेगळे श्रेयांक मिळाले. त्यामुळे दोन्ही कामं वेगळी ठेवून एकमेकांना जोडणं आता सोपं झालं आहे. शिबिरात मुलांची गावाशी ओळख होते, घरं उघडतात. तीच मुलं पुढे प्रकल्पासाठी आली तर लोक मोकळेपणी बोलतात. पाण्याची मोजणी मात्र एप्रिल-मेमध्येच व्हायला हवी, सुट्टी असली तरी. अहवाल सप्टेंबरपर्यंत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या हाती पडला पाहिजे, कारण पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. डिसेंबरात दिलेल्या अहवालाला त्या वर्षी निधीची ओळ मिळणं अवघड.