पायी अंतरावरील नागरी सोयी (मुंबईतील झोपडपट्ट्या)

पाणी, शौचालय, रेशन, दवाखाना, अंगणवाडी, शाळा यांसाठी झोपडपट्टीतल्या कुटुंबाला घरापासून किती चालावे लागते, याचा हा विषय. धारावीत किंवा घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर वाणी, पिठाची गिरणी, शिंपी दोन-तीन गल्ल्यांत सापडतात. धारावीत कित्येकांचे काम पोटमाळ्यावरच चालते. लांब असते ते पालिकेने किंवा सरकारने द्यायचे.

पाण्याचे अंतर मीटरांत नव्हे, खेपांत मोजावे. माणशी रोज 45 लिटर हे मुंबईत झोपडपट्टीसाठी धरलेले प्रमाण. पाच जणांच्या घराला 225 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या हंड्याने 15 खेपा. नळ 50 मीटरवर असला तरी चाल दीड किलोमीटर, निम्मी भरल्या हंड्यासह. पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने सगळे तेवढ्यात उरकायचे. मग गल्लीत पिंपे मांडली जातात आणि तीन-चार फुटी बोळ आणखी चिंचोळा होतो. जोडण्यांचे पाइप बहुधा गटारातून जातात. पुरवठा थांबला की गळक्या सांध्यांतून घाण आत ओढली जाते.

स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालय 500 मीटरच्या आत आणि 35 पुरुषांमागे किंवा 25 स्त्रियांमागे एक शौचकूप, असा निकष आहे. कागदावर ठीक. पण प्रत्येकीला पाच मिनिटे धरली, तरी पंचविसावीचा नंबर दोन तासांनी लागतो. त्यात कडी तुटलेली, दिवा गेलेला, किंवा मैला उपसणारा टँकर गल्लीत शिरत नाही म्हणून टाकी तुंबलेली.

अंतर दाखवायला नकाशावर काढलेले वर्तुळ फसवे असते. मध्ये नाला, रेल्वेमार्ग किंवा महामार्ग आला की 200 मीटरचे सहज 800 होतात. शिक्षणहक्काच्या नियमांतली प्राथमिक शाळेची एक किलोमीटरची मर्यादाही रस्ता कुठे ओलांडता येतो ते पाहूनच तपासावी. मोजणी दारापासून, गल्लीगल्लीने, पायऱ्या वेगळ्या धरून करावी. एकदा सकाळच्या गर्दीत, एकदा पावसात. वेळाही लिहाव्यात. रोजंदारीवरच्या माणसाला दुपारी बंद होणारा दवाखाना जवळ असून नसल्यासारखा. 2022 पासून सुरू झालेल्या पालिकेच्या ‘आपला दवाखान्या’ची खरी सोय संध्याकाळची.

गल्लीच्या दुरुस्तीत हमखास होणारी चूक लादीकरणाची, म्हणजे लाद्या बसवण्याची. जुनी लादी न उखडता नवी टाकली की गल्ली चढते, घरे खाली जातात आणि पावसाळ्यात गटाराचे पाणी उंबऱ्यावरून आत येते. लोक उंबरा उंच करतात, तो म्हाताऱ्यांना ओलांडवत नाही.