हिसेन हाब्रे खटला

चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याच्यावर सेनेगलची राजधानी डकार येथे चाललेला खटला (२०१५-१६). गुन्हे चाडमध्ये घडले, बळीही मुख्यतः तिथलेच. निवाडा मात्र सेनेगलमध्ये झाला. छळ, मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसारखे अपराध जगात कुठेही घडलेले असोत, आरोपी ज्या देशात सापडेल तिथे त्याच्यावर खटला चालवता येतो, या वैश्विक अधिकारक्षेत्राच्या तत्त्वावर तो उभा होता.

हाब्रे १९८२ ते १९९० सत्तेवर होता. लिबियाच्या गद्दाफीला शह म्हणून अमेरिका आणि फ्रान्स यांनी त्याला पैसा व शस्त्रे पुरवली. डीडीएस ही त्याची राजकीय पोलीस यंत्रणा थेट त्याच्याच हाताखाली होती. चाडची राजधानी एन्जामेना इथल्या, फ्रेंच अमदानीतील एका पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचा स्लॅब टाकून तिने जमिनीखाली कोठड्या केल्या होत्या. चाडच्या चौकशी आयोगाने १९९२ मध्ये बळींची संख्या सुमारे ४०,००० सांगितली. तो अंदाज होता. खटल्याला बळ आले ते डीडीएसच्याच दप्तराने. २००१ मध्ये तिच्या ओसाड पडलेल्या मुख्यालयात ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या हाती हजारो कागद लागले. त्यांत कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची नावे होती.

पदच्युत झाल्यावर हाब्रे डकारला पळाला आणि तिथे अनेक वर्षे आरामात राहिला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेले हिशेबनीस सुलेमान गेनगेंग यांनी इतर कैद्यांच्या जबान्या गोळा करून लपवून ठेवल्या होत्या. त्या आधारे २००० मध्ये डकारमध्ये तक्रार झाली. पण चाडमधल्या गुन्ह्यांवर आपला अधिकार चालत नाही, असे सेनेगलच्या न्यायालयाने पुढल्याच वर्षी ठरवले. पीडित बेल्जियमकडे वळले. तिथल्या न्यायाधीशाने २००५ मध्ये अटक वॉरंट काढले, तरी सेनेगलने हाब्रेला सोपवले नाही. आफ्रिकन युनियनने २००६ मध्ये ‘आफ्रिकेच्या वतीने’ खटला चालवण्याची जबाबदारी सेनेगलवरच टाकली. त्यानंतरही सहा वर्षे चालढकल झाली, कधी खर्चाचे कारण, कधी कायद्यातल्या त्रुटीचे. अखेर २० जुलै २०१२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बजावले : खटला चालवा, नाहीतर आरोपीला सोपवा. छळविरोधी करारानुसार हे बंधनकारकच होते. सेनेगलमध्ये नुकतेच सत्तांतर झाले होते, त्याचाही उपयोग झाला.

मग सेनेगलच्या न्यायव्यवस्थेतच आफ्रिकन युनियनच्या साहाय्याने विशेष न्यायपीठ स्थापन झाले. अध्यक्ष होते बुर्किना फासोचे गुस्ताव्ह काम. हाब्रेने न्यायालयच मानायला नकार दिला. त्याला उचलून आणावे लागले. नंतर तो फेटा आणि काळा चष्मा घालून गप्प बसून राहिला. एकूण ९३ साक्षीदार झाले. खरे वजन पडले ते बलात्काराची हकिकत उघड न्यायालयात सांगणाऱ्या स्त्रियांच्या साक्षींचे. चाडच्या वकील जॅकलिन मुदेना यांनी पीडितांची बाजू लढवली. २००१ मध्ये त्या हातबॉम्बच्या हल्ल्यात जखमी झाल्या होत्या.

मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी ३० मे २०१६ रोजी त्याला जन्मठेप झाली. अपिलात, एप्रिल २०१७ मध्ये, त्याने स्वतः केलेल्या बलात्काराचा ठपका तांत्रिक कारणाने वगळला गेला; बाकी शिक्षा कायम राहिली आणि ७,३९६ पीडितांना सुमारे ८२ अब्ज सीएफए फ्रँक (तिथले चलन) भरपाईचा आदेश झाला. हाब्रे ऑगस्ट २०२१ मध्ये डकारमध्ये कोविडने मरण पावला. तोवर त्या भरपाईतला एकही फ्रँक पीडितांना मिळालेला नव्हता.